इमानाबद्दल मिळालेलं घड्याळ

हार्लो फॉल्स, मॅसॅच्युसेट्स
९ ऑक्टोबर १९६१

प्रिय मेरिल,

तुझं पत्र आणि तुमच्या घड्याळ-संग्राहक मंडळाचं मासिक, दोन्ही मिळालं. इकडे सगळं ठीक. मेपलची पानं गळतायत, माझा गुडघा कुरकुरतोय, आणि घड्याळाच्या कारखान्यात आता रेडिओचे भाग बनतात. डोरिसला आणि मुलींना आशीर्वाद.

तुझा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा हसू आवरेना. ‘अमेरिकन सुवर्णघड्याळांचा सुवर्णकाळ’! एका ओळीत दोनदा सोनं. सोनार तरी इतकं उधळेल का? पेनिमन कंपनीच्या पहिल्या मालकांचं दिवाळं कसं वाजलं, यंत्रावर एकसारखे भाग पाडायची युक्ती कशी साधली, स्विस लोकांच्या तोंडचं पाणी कसं पळालं, सगळं बयाजवार लिहिलंयस. घड्याळाच्या पोटातलं एकेक माणिक मोजलंस. ती माणकं बसवणाऱ्यांना मात्र एक ओळ : ‘कुशल स्त्रीकामगारही होत्या.’ होत्या बरं! आपली आई त्यांतलीच. केसाहून बारीक स्प्रिंगा बसवून बसवून तिनं डोळे घालवले. तुला ती आठवते ती सुईत दोरा ओवून मागणारी.

मग बाबांचं घड्याळ. ‘दीर्घ सेवेनंतर निवृत्तीच्या वेळी कंपनीनं माझ्या वडिलांना दिलेली भेट.’ मेरिल, तू क्लीव्हलंडमध्ये विमा विकतोस ना? मग गिऱ्हाइकाच्या तारखा तरी तपासत असशील. झाकणाच्या आत कोरलंय : ‘हेन्री ट्रास्क यांस, इमानाबद्दल. मार्च १९२४.’ बाबा निवृत्त झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. मार्च चोवीसमध्ये कारखान्यात काय चाललं होतं? संप. भिंग लावून चाकांचे दात मोजणाऱ्याला एवढं दिसलं नाही? की दिसलं, आणि भिंग बाजूला ठेवलंस?

तू तेव्हा चार वर्षांचा होतास, हे मान्य. मी चौदाची. म्हणून सांगते.

कंपनीनं पगार कापला आणि गाव कामावरून बाहेर पडलं. बाबा मुकादम, मुकादमांना संपात जाता येत नव्हतं, म्हणून त्यांना कुणी बोल लावला नाही. आईची धाकटी बहीण कॉर्डेलिया आपल्याकडेच राहायची. सोन्याची झाकणं कोरायच्या खात्यात होती, आणि संपवाल्यांची म्होरकी. एका शनिवारी बीन्स खाताना ती आईला म्हणाली, “सोमवारी तिबोच्या बेकरीत जमतोय आम्ही, भट्टीच्या मागं. पावाच्या वासात संपाचा वास कुणाला येतोय!”

बाबा शेजारीच बसले होते. “बीन्स वाढ,” एवढंच म्हणाले.

सोमवारी बेकरीवर कंपनीची माणसं आली, सोबत पोलीस. जमले होते त्या सगळ्यांना कायमचं काढलं; पुढे कुठल्याच घड्याळवाल्यानं त्यांना उभं केलं नाही. मावशी घरी आली ती थेट ट्रंक भरायला लागली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“हेन्री, बेकरीचं नाव या टेबलावरून उठून बाहेर कसं गेलं?”

“मला चार तोंडं भरायची आहेत, लेना.”

“पाच होती,” आई म्हणाली.

पुढे लवकरच घड्याळ आलं. समारंभ झाला. आई गेली नाही. बाबांनी ते गावात एकदाच खिशातून काढलं, मॅक्गिनिस न्हाव्याच्या दुकानात. मॅक्गिनिस वस्तरा थांबवून म्हणाला, “वा, हेन्री! वेळ सगळ्यांना सांगतं का हे, की फक्त मालकाला?” दुकान हसलं. बाबा अर्धी दाढी तशीच घेऊन घरी आले. त्यानंतर घड्याळ खणात. तू मोठ्या कौतुकानं लिहितोस, ‘जवळजवळ न वापरलेलं, दुर्मीळ स्थितीतलं.’ न वापरलेलं कसं राहिलं, ते आता कळलं असेल.

घड्याळाशेजारी मांडायला तू आईचा फोटो मागितलायस. मिळणार नाही. त्या मार्चपासून ती माझ्या खोलीत झोपायची. तुला सांगितलं होतं की बाबा फार घोरतात.

आता जे लिहायला बसले होते ते. इतका वेळ तेच टाळत होते.

तू इथल्या वाचनालयातल्या प्रदर्शनाला घड्याळ आणि भाषण घेऊन येतोयस. तुला ‘येऊ नकोस’ असं लिहायचं मी नक्की केलं होतं. पण या घरात आता मी एकटी नाही. बाबांनी तुला सांगितलं होतं ना, कॉर्डेलिया मावशी न्यूमोनियानं गेली म्हणून? ती गेली नव्हती. न्यू हॅम्पशरमध्ये बुटांच्या कारखान्यात चामडं शिवत होती. मे महिन्यापासून ती तुझ्या जुन्या खोलीत आहे.

मासिक मी लपवलं होतं, तिनं शोधलं. नाश्त्याला बसून अख्खा लेख वाचला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता फाडेल, मग फाडेल. झाकणाच्या मोठ्या फोटोपाशी थांबली. तू खाली लिहिलंयस, ‘तीन रंगांच्या सोन्यातली फुलांची टोपली. कारागीर अज्ञात.’

“अज्ञात काय, मेल्या!” ती फोटोला म्हणाली. “मी आहे ती.”

मला दाखवलं. टोपलीच्या कडेला एक पान जास्त आहे. तिथं तिची छिन्नी घसरली होती, म्हणून तिनं त्या ओरखड्याचं पान केलं. कंपनीनं कपाटातलं हाताला आलं ते बाबांना दिलं असेल. किंवा मुद्दाम निवडून. दोन्ही त्यांना शोभतं.

“मी त्याला येऊ नको म्हणून लिहिते,” मी म्हटलं.

“वेडी का काय तू? येऊ दे त्याला. मला ते हातात घ्यायचंय, अ‍ॅडी. इतकी वर्षं नुसतं चामडं शिवलं गं. सोन्याला पुन्हा कुणी हातच लावू दिला नाही.”

“आणि त्यानं बाबांचं कौतुक सुरू केलं तर?”

“आधी तू त्याला सगळं लिही. शिव्या तुला चांगल्या देता येतात.” मग कपाळाला हात लावून म्हणाली, “मी निघाले तेव्हा माझ्या स्कर्टला लोंबकळून रडत होता बिचारा. लेनानं त्याची बोटं एकेक करून सोडवली.”

हे मी विसरले होते. तू तर विसरला असशीलच.

तर ये. घड्याळ आण, भाषण क्लीव्हलंडलाच ठेव. मुलींनाही आण, आजोबांबद्दल त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ, माझ्या घरात खोटं बोलायचं नाही एवढंच. स्टेशनवर कुणी येणार नाही. मावशीला तेवढं चालवत नाही आणि मला यायचं नाही. घर तुला ठाऊक आहे.

तुझी वाट पाहणारी (मी नव्हे, ती) हिच्या वतीनं,

अ‍ॅडलीन