वाळत घाला, ऊन आहे

सोमवार, ४ ऑगस्ट
गेल्या वर्षीच्या त्या सकाळी मी कपडे पिळत होते आणि हे कॉम्प्युटरपुढे बसून चहा थंड करत होते. बादली उचलताना विचारलं, घालू का बाहेर? ह्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवला आणि मोठ्याने वाचून दाखवलं, वाळत घाला, ऊन आहे. खिडकी हाताच्या अंतरावर होती. मान वळवून बघतील तर शपथ. दुपारी हे गेले. कपडे मात्र खडखडीत वाळले होते.

असो. ह्यांची पुस्तकं वाचून मी प्रोग्रॅमिंग शिकले. हौशी लोक प्रोग्रॅम लिहून फुकट वाटतात, त्या पॅकेजेसच्या भांडारात आता तपासनीस आहे. प्रत्येकाला शेरा द्यायचा: चालू, अर्धवट किंवा बंद. शिवाय दर्जा, शून्य ते आठ. महिनाअखेर सफाई, बंद असेल ते भांडारातून बाहेर. ह्यांचा प्रोग्रॅमही तिथेच आहे.

संकल्प: रोज पाच पॅकेजेस. ह्यांचं सगळ्यात शेवटी, तेही परक्यासारखं.

मंगळवार, ५ ऑगस्ट
ह्यांच्यापासूनच सुरुवात केली. अवघड काम आधी उरकलेलं बरं. चालवलं. वाळत घाला, ऊन आहे. शेरा: चालू. दर्जा: आठ. नात्यातल्यांचं पॅकेज तपासू नये असा नियम आहे, पण तो हयात नातेवाइकांसाठी असणार.

तासाभराने पाऊस. कपडे भिजले. पॅकेजचा दोष नाही. ऊन होतंच, फक्त ढगांच्या वर होतं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
पुन्हा भिजले. वरच्या मजल्यावरून नणंद ओरडली, वहिनी, ती चादर आणखी एकदा धुतलीत तर विरघळेल हो! म्हटलं, तपासणी चालू आहे. तर म्हणे, दादा होता तेव्हाही ह्या तपासणीचे मोजे माझ्याच पंख्याखाली वाळायचे. त्या घराण्यातलं विज्ञान ह्यांच्यापाशीच संपलं.

दर्जा आठचा सात केला. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.
बाकीची पॅकेजेस उद्यापासून.

बुधवार, १३ ऑगस्ट
आमच्या गटप्रमुखांचा फोन. सगळे त्यांना काटेकोर म्हणतात. म्हणाले, ह्या पॅकेजच्या मालकाला वर्षभर निरोप पाठवतोय, उत्तर नाही. मी म्हटलं, ते फारसे बोलके नव्हतेच. म्हणाले, ताई, ते तुमचे कोण होते ते मला माहीत आहे. तुम्ही ते आतून उघडून बघितलंत का? म्हटलं, आठ दिवस चादरीवर तपासतेय, आणखी काय हवं?

उघडते उद्या.

मंगळवार, १९ ऑगस्ट
सर्दी. ओल्या कपड्यांचा काही संबंध नाही.

रविवार, २४ ऑगस्ट
उघडलं. हवामानाची माहिती जिथून यायची ते इंटरनेटवरचं ठिकाणच बंद पडलंय. माहिती आली नाही तर शेवटचं उत्तर दाखवायचं, अशी सोय ह्यांनी करून ठेवली आहे. त्या सकाळनंतर मी चालवेपर्यंत घरात ते कुणी चालवलंच नव्हतं. म्हणजे शेवटचं उत्तर त्या सकाळचं. तीन आठवडे मी तेच ऊन बघतेय.

काटेकोरांना कळवलं. म्हणाले, दुसरं ठिकाण जोडून देतो, पॅकेज वाचेल. मी विचारलं, मग जुनं उत्तर? ते पुसलं जाईल, ताई.

नको म्हटलं. शेरा: बंद. दर्जा: शून्य. भांडारातलं जाऊ दे. घरच्या कॉम्प्युटरवरचं आहे तसं राहील. लिहून झाल्यावर नाक पुसलं, ते सर्दीने.

सोमवार, २५ ऑगस्ट
आज कुणालाही न विचारता खिडकीतून आभाळ बघितलं. गच्च भरलेलं. सगळे कपडे आत दोरीवर घातले आणि स्वतःवर खूश झाले. चहा होईपर्यंत लख्ख ऊन पडलं. नणंद वरून म्हणाली, बघा वहिनी, आज दादाचं खरं झालं असतं.

सगळे कपडे काढून परत बादलीत भरले, बाहेर नेले आणि वाळत घातले.