सही माझीच

९ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ११.
थंडी वाढली. गुडघा ठीक. (डावा. उजव्याबद्दल लिहिणार नाही.)
गरिमाला शाळेत सोडून आलो. नया बाजारातल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत बावीस मिनिटं. पहिलीपासून सोडतो, आता नात तिसरीत आहे. एक दिवस चुकलेला नाही. माझ्या तापाचे दिवस धरायचे नाहीत.
सकाळी चहाच्या वेळी सूनबाईंनी पुन्हा शाळेच्या व्हॅनचा विषय काढला. श्रुती म्हणते, "आबा, कोहरा किती असतो, समोरची गाडी दिसत नाही. जानेवारीपासून व्हॅन लावू या ना." मी म्हणालो, मी असेपर्यंत या घरातली मुलगी डब्यात कोंबून शाळेत जाणार नाही. विषय संपला. मी संपवला की संपतो.
शाळेच्या डायरीत रोज पालकांची सही लागते. मुलगा युवराज सकाळी सातलाच मालनपूरला फॅक्टरीत जातो, म्हणून सहीचं खातं माझ्याकडे. आज डायरीबरोबर दोन कागदही होते, एक पांढरा, एक पिवळा. गरिमा म्हणाली, "आबा, वाचून करा हं." वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. इंग्रजी होतं. इंग्रजी मला येतं, फक्त या चष्म्याचा नंबर हिंदी-मराठीचा आहे. इंग्रजी अक्षर बारीक, त्याला वेगळा नंबर लागतो. दोन्हीकडे सही ठोकली.
मिलच्या गेटवर एकतीस वर्षं काढली. ही सही तिथल्या वजनबाबूने शिकवली. आधी एम, मग लांब शेपूट, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. या सहीशिवाय गेटातून सुतळी बाहेर जात नसे.

११ डिसेंबर, गुरुवार.
मोठी बातमी. शाळेच्या गेटवरच्या दौलतसिंहने सांगितली. हिवाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी, तेवीस तारखेला, ग्रँडपेरेंट्स डे. प्रत्येक मुलाबरोबर एक आजोबा किंवा एक आजी. एकच. नावं घरच्यांनी आधी कळवायची.
एकच म्हटल्यावर आमच्या घरी विचार करायचं कारण नाही. गरिमाचे नाना, म्हणजे आमचे व्याही भालचंद्रराव, थाटीपुरात उन्हात बसून इंग्रजी पेपर वाचतात. शाळेचं गेट कुठल्या दिशेला उघडतं हे त्यांना माहीत नाही.
ठरवलं: ट्रंकेतली पगडी काढायची. भाषण तयार करायचं. भर शाळेत मान मिळालेल्या माणसाच्या हातून नात काढून घ्यायची आणि व्हॅनमध्ये बसवायची, एवढी हिंमत श्रुतीची नंतर होणार नाही. व्हॅनचा प्रश्न तेवीस तारखेला कायमचा मिटतो.
गरिमा अजून काही बोलली नाही. सरप्राइज असणार. मीही विचारलं नाही. आपण काही कमी नाही.

१३ डिसेंबर, शनिवार.
भाषण निम्मं झालं. सुरुवात पणजोबांपासून. ते शिंद्यांच्या पागेत होते. "ते रोज पहाटे घोडा नेत, मी रोज सकाळी नात नेतो." हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं. सुलोचनाबाईंना ऐकवलं. त्या तिळाची गजक फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पोर घोडा झाली का?"
बायकोला साहित्य कळेल अशी अपेक्षा पन्नास वर्षांपूर्वीच सोडली.
पुढे म्हणाल्या, "आणि तिथे भाषण नसतं. श्रुती सांगत होती, नातवंडाबरोबर गोष्ट वाचायची असते. माइकवर. इंग्रजीत." मी म्हणालो, अफवा. म्हणाल्या, "बरं. चष्मा तेवढा बदलून घ्या." आणि हसल्या. गजकेचा तुकडा दिला तो मी घेतला नाही. नंतर घेतला.

१६ डिसेंबर, मंगळवार.
गरिमाची पाण्याची बाटली घरी राहिली. (मीच दप्तरातून काढून ठेवली होती. महिन्यातून दोनदा ठेवतो.) परत बावीस मिनिटं. दौलतसिंह म्हणाला, "दाऊ, बड़ी भुलक्कड़ मोड़ी है तुम्हारी." मी म्हणालो, अभी छोटी है. (इकडे मुलीला मोड़ी म्हणतात.)
बाटली असली की वर्गाच्या खिडकीपर्यंत जाऊ देतात. तिसरी रांग, खिडकीकडची जागा. तिने लांबूनच हात हलवला. बाटली घेतली, "थँक्यू आबा" म्हणाली आणि शेजारच्या मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. माझ्याबद्दल चांगलंच सांगितलं असणार.
येताना गुडघा दुखला नाही. थोडा.

१८ डिसेंबर, गुरुवार.
हात पुढे केला तर हात दिसेना. कलेक्टरांनी शाळेची वेळ नऊची केली, पण कोहऱ्याला आदेश पोचलेला नाही.
शॉर्टकट घेतला. शॉर्टकट शाळेऐवजी महाराज बाड्याच्या चौकात निघाला. गरिमा म्हणाली, "आबा, ये तो बाड़ा आ गया." मी म्हणालो, तुला दाखवायचाच होता. शाळेत पस्तीस मिनिटं उशीर. पोरीची बोटं बर्फ झाली होती. माझा मफलर तिच्या हातांना गुंडाळला, मग माझे कान बर्फ झाले.
दुपारी मधुवंती मिसनी डायरीत लाल पेनाने चार ओळी लिहून पाठवल्या. कौतुक असावं. अशा हवेतही मूल हजर. सही केली. टिंबं जरा ठळक दिली.
श्रुतीने डायरी पाहिली आणि फटकन मिटली. जळते.

२१ डिसेंबर, रविवार.
श्रुती गरिमाला घेऊन थाटीपुरला. आठवड्यात तिसऱ्यांदा. परत आल्यावर पोरगी इंग्रजी पुटपुटत होती. कुठलंतरी कासव आहे, त्याला थंडीत घर सापडत नाही. विचारलं तर म्हणाली, नानांकडे प्रॅक्टिस केली.
योग्य आहे. प्रॅक्टिस नानांकडे, स्टेजवर मी. मिलमध्येही मशीन पुसायला एक माणूस असे आणि चालवायला दुसरा.

२२ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ५.
मिशा काळ्या केल्या. थोडा रंग गालाला लागला आणि जात नाही. लांबून कळत नाही. पगडीला डांबरगोळ्यांचा वास. छतावर दिवसभर उन्हात ठेवली, आता उन्हात ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा वास.
श्रुती दोनदा खोलीत आली. "आबा, उद्याचं तुमच्याशी बोलायचं होतं..." मी हात वर केला. म्हणालो, मला सगळं माहीत आहे. म्हणाली, "खरंच? तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी म्हणालो, वाईट कसलं, अभिमान आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून नमस्कार केला.
सून चांगली आहे. व्हॅनचा एक दोष सोडला तर.

२३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ८.४०.
श्रुती गरिमाला स्कूटीवर आधीच घेऊन गेली. तयारी असते. मी मागून निघतो. मानाचा माणूस मागूनच येतो.

त्याच दिवशी. दुपारी २.
दगा. पानिपतानंतर आमच्या घराण्याशी असा दगा झाला नव्हता.
गेटवर कापसाच्या दाढीचा कागदी सांता. दोन लहान पोरांनी मला विचारलं, "आप इनके साथ आए हो?" दौलतसिंहने पगडी पाहिली आणि म्हणाला, "काए दाऊ, बरात पीछे आ रही है?" मग यादी काढली. गरिमा, तिसरी ब. पुढे नाव भालचंद्ररावांचं. मी म्हणालो, खोड ते. म्हणाला, "छपा हुआ है, कैसे काटूँ?"
मधुवंती मिसना बोलावलं. त्या फाइल घेऊन आल्या. फाइलीत पांढरा कागद. म्हणाल्या, "बाबा, आपने ही तो लिखकर दिया है कि आपकी जगह नाना जी आएँगे. ये साइन आप ही के हैं ना?"
एम. शेपूट. रेघ. दोन टिंबं.
एकतीस वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारला. मला कोणी विचारला नव्हता. म्हणालो, "हाँ, मेरे ही हैं. मैं तो बस देखने आया था कि इंतज़ाम ठीक है कि नहीं."
मिस म्हणाल्या, अंदर बैठ जाइए, पीछे कुर्सी ख़ाली है. मागच्या कुर्सीवर पगडी शोभत नाही. दौलतसिंहच्या बाकावर बसलो.
लाउडस्पीकरवर आधी भालचंद्ररावांचा आवाज, मग गरिमाचा. एक ओळ ते, एक ओळ ती. कुठे अडखळले नाहीत. शेवटी कासवाला घर सापडलं असावं, टाळ्या पडल्या. दौलतसिंहने विचारलं, "का पढ़ रही थी मोड़ी?" मी सांगितलं, कासवाची गोष्ट आहे, अवघड आहे, तुझ्या लक्षात नाही यायची. त्याने शेंगदाणे दिले. पगडी मांडीवर घेऊन खाल्ले.

२४ डिसेंबर, बुधवार.
सुट्टी लागली. मी कोणाशी बोलत नाही. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.
दगाबाजांची नावं: श्रुती. भालचंद्रराव. मधुवंती मिस. दौलतसिंह (यादी त्याच्या हातात होती). सुलोचनाबाई (हसल्या). चष्मा. गरिमाचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
दुपारी छतावर उन्हात बसलो होतो, तिथे ती आली. बराच वेळ माझ्या शालीचे गोंडे विंचरत बसली. मग म्हणाली, "आबा, मीच मम्माला बोलले, नानांचं नाव लिही. वहाँ सबके सामने इंग्लिश पढ़ना था. आणि तुमचा चष्मा हिंदी-मराठीचा आहे ना."
मी म्हणालो, हो.
म्हणाली, "मैंने किसी को नहीं बताया."
काय नाही सांगितलं, ते मी विचारलं नाही. चष्म्याचंच असणार.
संध्याकाळी यादीतलं तिचं नाव पुन्हा खोडलं. कागद फाटला.

२७ डिसेंबर, शनिवार.
ठराव. जानेवारीपासून मी शाळेत सोडायला जाणार नाही. बहिष्कार. घरातल्या मोठ्यांनी माफी मागेपर्यंत. जेवताना जाहीर केलं.
युवराज म्हणाला, "ठीक आहे आबा." श्रुती म्हणाली, "चालेल की आबा, गुडघ्यालाही आराम." सुलोचनाबाईंनी मला आणखी एक पोळी वाढली.
इतक्या चटकन मानलं? माणसं निदान वाद तरी घालतात.

१ जानेवारी, गुरुवार.
कलेक्टरांचा आदेश: थंडीमुळे शाळा सात तारखेपर्यंत बंद. माझा बहिष्कार सुरू व्हायच्या आधीच त्याला मुदतवाढ मिळाली. माफी मागायला घरच्यांना जास्तीचे दिवस मिळाले. कोणी फायदा घेत नाही.

४ जानेवारी, रविवार.
बहिष्कार मागे घेतला. कोणाच्या सांगण्यावरून नाही. मुलीचं नुकसान नको म्हणून. घरात जाहीर केलं नाही, आठ तारखेला सकाळी सरळ बूट घालून उभा राहणार.
बूट पॉलिश केले. मफलर धुतला. कोहरा नव्हता म्हणून शॉर्टकटने एकदा जाऊन पाहिलं. तो खरंच बाड्यावर निघतो.

७ जानेवारी, बुधवार.
श्रुती म्हणाली, "आबा, उद्या सकाळी ८.२५ ला व्हॅन येईल."
मी विचारलं, कोणाच्या परवानगीने? ओरडलो नाही. सुलोचनाबाई म्हणतात ओरडलो.
श्रुती आत गेली आणि पिवळा कागद घेऊन आली. म्हणाली, "तुम्हीच डिसेंबरात सही केलीत ना. सकाळी नाही म्हणालात, म्हणून मी फॉर्म भरून डायरीत ठेवला. म्हटलं, आबांना हवं तर करतील सही, नाहीतर परत देतील. तुम्ही केलीत. किती बरं वाटलं होतं मला."
एम. शेपूट. रेघ. दोन टिंबं.
मी कागद हातात धरून उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग आवाज खाली आणून म्हणाली, "आबा... वाचून दाखवू का?"
म्हणालो, वाचलेला आहे.
मिलचा नियम होता. सही झाली की माल गेटाबाहेर. परत आत घ्यायचं खातंच नव्हतं.

८ जानेवारी, गुरुवार. दुपारी १२.
व्हॅन आली. कोहऱ्यातून आधी दिवे, मग पोरांचा कालवा, मग व्हॅन. गरिमा खिडकीशी बसली. काच पुसून हात हलवला. बावीस मिनिटांच्या रस्त्याला आता सात लागतात म्हणे.
व्हॅन गेल्यावर पाहिलं तर तिची बाटली घरीच. (कशी, ते मागे लिहिलेलं आहे.) लगेच निघालो. शॉर्टकट घेतला नाही. एकवीस मिनिटांत गेटवर. व्हॅनने जाणाऱ्या पोरांनाही तहान लागते आणि व्हॅनवाला बाटली आणून देत नाही. हे दौलतसिंहला समजावून सांगितलं.
तो बाटली न घेताच आत गेला. परत आला आणि म्हणाला, "दाऊ, मोड़ी के पास है बोतल. कह रही है, हमेशा दो रखती हूँ. एक आबा निकाल लेते हैं."
मी म्हणालो, अच्छा.
म्हणाला, "बैठोगे?" म्हणालो, नाही, कामं आहेत.
परत येताना दोन ठिकाणी थांबलो. गुडघ्यामुळे नाही. दुसऱ्या ठिकाणी पाणी मीच प्यायलो. कोमट होतं.
घरी सुलोचनाबाईंनी विचारलं, "दिली का बाटली?" म्हणालो, दिली. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "बरीच तहान लागली होती म्हणायची पोरीला."
म्हणालो, हो. शाळा लांब आहे.