जगात कुणीच न केलेला विषय

३ मार्च, सोमवार
शुक्रवारी गाइड मॅडमनी थिसिसचा विषय मान्य केला नाही, तर मी पुढच्या तुकडीत. म्हणजे सहा महिने पाण्यात. पण काळजी नाही. विषय झकास आहे: दमा असलेल्या मोठ्या माणसांची झोप. आता फक्त आधीचे पेपर शोधायचे. लायब्ररीत सर्च शिकवणारा वर्ग होता. गेलो नाही. फोनवर दिवसभर आणखी काय करतो मी?

त्याच दिवशी, संध्याकाळी
पेपर शोधायच्या डेटाबेसमध्ये ‘दमा’ टाकलं. लाखांनी पेपर. एक अर्धा वाचला. बसवेना. कॅन्टीनला जाऊन आलो. पुन्हा गेलो.

४ मार्च
आजपासून शिस्त. ‘अँड’ लावून ‘झोप’ जोडलं, म्हणजे दोन्ही शब्द असलेलेच पेपर येतात. तरी हजारो! निम्मे लहान मुलांचे. ‘नॉट’ लावला की तो शब्द असलेले पेपर गळतात; तो लावून मुलं उडवली. यादी लगेच सुटसुटीत झाली. नॉट फार गुणी आहे. लोक वापरत का नाहीत कोण जाणे.

५ मार्च
नॉट वृद्ध. नॉट गरोदर. नॉट औषधं, कारण औषधांचे पेपर कंटाळवाणे असतात. खुर्ची बदलली, खिडकी उघडली, बंद केली. शेवटी निकाल: शून्य. म्हणजे या विषयाला जगात कुणी हातच लावलेला नाही!

बायको आर्किटेक्ट. म्हणाली, एकही नाही? शोधण्यातच काही गडबड नाही ना? म्हटलं, तू तुझ्या भिंती बघ. सासऱ्यांना फोन केला. त्यांनी तासाभरात सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

६ मार्च
तयारी काय करणार? शून्य पेपर वाचायला वेळ लागत नाही. तरी झोप नाही.

७ मार्च, शुक्रवार
मॅडमनी माझी सगळ्या नॉटवाली सर्चची ओळ स्वतः टाइप केली. शून्य. मी ताठ बसलो. मग त्यांनी एकेक नॉट काढायला सुरुवात केली. म्हणाल्या, ज्या पेपरात मोठ्यांबरोबर मुलंही तपासली, तो अख्खा पेपर तू फेकून दिलास. यादी वाढत गेली. एका पेपरावर त्या थांबल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझाच विषय. नाव मॅडमचं. विषय चांगला आहे, त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणून तर मी त्यात पीएचडी केली.

पुढची तुकडी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलो. बायको तिच्या भिंती बघत बसली होती. शोधण्यात गडबड होती का, असं तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.