फिलूला निर्भय करण्याचा प्रोग्रॅम

१ जानेवारी १९३४, सोमवार. महाड.

नवे वर्ष, नवी वही. ही कोणी वाचायची नाही. बायकोने, म्हणजे रेजीनने, तर मुळीच नाही.

परवा टपालाने फादरांचे पत्रक आले. महाडपासून पोलादपूरपर्यंत आम्हा कॅथलिकांची घरे तीन. आम्ही, बिरवाडीचा मोटरड्रायव्हर मिंगेल, आणि पोलादपूरला रस्त्याच्या कामावर असलेला पास्कोल मिस्त्री. सगळे मूळ वसईकडचे. इथे चर्च नाही. फादर वर्षातून एकदा येतात. पत्रकात लिहिले आहे की आईबापांनी एकमेकांना आधार द्यावा आणि मुले अंगाने निरोगी, मनाने निर्भय वाढवावीत. ८ एप्रिलच्या रविवारी फादर आमच्या घरी मिस्सेची उपासना करतील, फिलूला पहिले कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, देतील आणि आईबापांची मंडळी स्थापन करतील. सगळ्यांना जमवायचे काम माझ्याकडे. म्हणजे अध्यक्ष मीच. तसे लिहिलेले नाही, पण फादर नेहमीच थोडक्यात लिहितात.

मुलगी फिलोमेना, म्हणजे फिलू, वय नऊ. गेल्या पावसाळ्यात हिवतापाने वाळली, आणि तेव्हापासून घराबाहेर तोंड उघडत नाही. शाळेत नाव विचारले तरी पायांकडे बघते. कम्युनियनआधी फादर प्रश्न विचारणार. उत्तरे दिली नाहीत तर गोष्ट पुढच्या वर्षावर गेली. धाकटा जुजे पाच वर्षांचा. त्याला निर्भय करण्याची गरज नाही, उलट थोडे कमी करावे लागेल.

मी अकरा वर्षे दवाखान्यात कंपाउंडर आहे. शरीराचे मला कळते. मनाचे त्याहून सोपे. टाइमटेबल करून भिंतीला लावले. उद्यापासून पहाटे थंड पाण्याची आंघोळ.

२ जानेवारी, मंगळवार

आंघोळ झाली. जुजे पेरूच्या झाडावर चढून बसला. फिलू मात्र पाच तांबे होईपर्यंत हूं की चूं न करता उभी राहिली. धैर्य म्हणतात ते हेच, असे मी रेजीनला दाखवले. ती म्हणाली, धैर्य नाही, दातखीळ आहे.

दूध घालायला बिरवाडीची ठमाबाई आली होती. म्हणाली, कंपोंडर, पोर काय म्हस हाय का धुवायला. अडाणी बाईशी वाद घालत नाही.

मी स्वतः गरम पाण्याने आंघोळ केली. औषधे मोजताना बोटे गारठलेली चालत नाहीत.

७ जानेवारी, रविवार

दवाखाना आटोपून दुपारच्या मोटरने पोलादपूरला. वाटेत बिरवाडीहून मिंगेल आणि त्याची बायको. पहिली सभा. पास्कोलची पाच मुले खडीच्या ढिगावरून घसरत होती. कोणत्या पद्धतीने वाढवतोस, असे मी विचारले. तो म्हणाला, इनासबाब, पद्धत कसली, जेवायला बोलावलं की येतात. मी त्याला तासभर समजावले. त्याने डोळे मिटून ऐकले. नंतर घोरण्याचा आवाज आला, पण तो बहुधा मिंगेलचा असावा.

मिंगेलच्या बायकोने एकच प्रश्न विचारला, जंतांवर काही औषध आहे का. पुढच्या खेपेला आणतो म्हटले. आधार द्यायला सुरुवात झाली म्हणायची.

१९ जानेवारी, शुक्रवार

फिलूला सर्दी, खोकला, रात्री ताप. महाडची हवाच वाईट. रेजीनने माझे टाइमटेबल भिंतीवरून काढले आणि त्यात डाळ बांधून ठेवली. आंघोळीचा भाग तूर्त तहकूब. हार मानलेली नाही.

२९ जानेवारी, सोमवार

ताप गेला. फिलू आणखी बारीक दिसते. मी लोहाचे टॉनिक तयार केले. दिवसातून दोनदा. चव वाईट आहे, म्हणजे गुणकारी असणार.

रेजीन म्हणते, ठमाबाई दर शनिवारी सव गावच्या गरम झऱ्यांवर जाते, मुलांना घेऊन आपणही जावे. मी साफ नाही सांगितले. गरम पाण्याने माणूस मऊ पडतो. घरात एकाचा शब्द चालला पाहिजे.

३ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी घरी आलो तर कोणी नाही. सवला गेली होती. अंधार पडायच्या आत आली. जुजेने सांगितले, खूप मजा आली, तायडीने ठमाबाईच्या लेकीबरोबर, आवडीबरोबर, डुबक्या मारल्या आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मी रेजीनला विचारले, माझा शब्द कुठे गेला. ती म्हणाली, अहो, तुम्ही मऊ पडाल म्हणालात. आम्ही पडून बघितलं.

यापुढे शनिवारी मी घरीच थांबणार. (शनिवारी दवाखाना असतो. पुढचे बघू.)

८ फेब्रुवारी, गुरुवार

मनाचा प्रोग्रॅम सुरू. फिलूला स्टुलावर उभे करायचे आणि तिने मोठ्याने म्हणायचे, माझे नाव फिलोमेना इनास लोपीस, मी कोणालाही भीत नाही. पहिल्यांदा ऐकूच आले नाही. मी म्हटले, मोठ्याने. दुसऱ्यांदा त्याहून कमी. मी आवाज चढवला, कारण उदाहरण घालून द्यावे लागते. विसाव्या वेळेला शेजारचे महिपतराव कोणाला मारताय म्हणून बघायला आले. एकतिसाव्या वेळेला फिलू रडू लागली. रेजीनने तिला उचलून खाली घेतले आणि स्टूल स्वयंपाकघरात नेले.

रेजीन माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. बघू कोण टिकते.

१० फेब्रुवारी, शनिवार

मीठ कुठे आहे ते मला विचारावे लागले. याला बोलणे म्हणत नाहीत.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

उपासाच्या चाळीस दिवसांत रागावायचे नाही, असा निश्चय. सकाळी सहाला केला.

दुपारी दीड. जुजेने माझ्या चष्म्याला काजळ लावले. निश्चय उद्यापासून.

४ मार्च, रविवार

फिलूच्या गालावर तेज दिसते आहे. हात भरले. काल विहिरीवरून कळशी आणली म्हणे. टॉनिकचा गुण. डॉक्टरसाहेबांनाही सांगायचा विचार आहे, पण ते कामात असतात.

शनिवारची सवची वारी चालू आहे. मी ती बंद केलेली नाही, कारण टॉनिकला त्याची अडचण होत नाही.

९ मार्च, शुक्रवार

टॉनिक घेताना फिलू कधी तोंड वाकडे करताना दिसत नाही म्हणून विचारले. फिलू पहिल्या दिवसापासून ते परसातल्या तगरीला घालते. हे तिने माझ्या तोंडाकडे बघत सांगितले. पायांकडे नाही.

तगर मात्र चांगली फुलली आहे, हे नमूद करतो.

२० मार्च, मंगळवार

रावजी मास्तरांनी शाळेत बोलावले. प्रगती ऐकायला मिळणार म्हणून कोट घालून गेलो. मास्तर म्हणाले, तुमच्या मुलीने काल भर वर्गात उभे राहून सांगितले, हजेरीत माझे नाव फुलाबाई लिहिले आहे ते चूक आहे, फिलोमेना लिहा. इतके महिने का नाही सांगितलेस विचारले तर म्हणाली, तेव्हा सांगता येत नव्हतं.

मी ताबडतोब माफी मागितली. लहान आहे, पुन्हा असे होणार नाही, फुलाबाई चालेल, असे म्हणालो. मास्तरांनी हजेरीची वही माझ्यापुढे उघडली. म्हणाले, लोपीस, मी नाव दुरुस्त केलंय. मी तुम्हाला चांगलं सांगायला बोलावलं होतं.

घरी येऊन फिलूला समज दिली. ती म्हणाली, बाबा, तुम्हीच म्हणालात कोणालाही भ्यायचं नाही. मी सांगितले, मास्तर, डॉक्टर, फादर, सरकार आणि बाप सोडून. तिने बोटे मोजली आणि विचारले, मग उरलं कोण.

विचार करून सांगतो म्हटले.

२६ मार्च, सोमवार

आठ तारखेच्या मिस्सेची वेळ सकाळी नऊ. रविवारी सकाळी दवाखाना उघडा असतो, म्हणजे रजा घ्यावी लागेल. उद्या डॉक्टरसाहेबांना स्पष्ट सांगणार. अकरा वर्षांत एकही रजा मागितलेली नाही. हक्कच आहे माझा.

२७ मार्च, मंगळवार

साहेबांचा मूड ठीक नव्हता.

२८ मार्च, बुधवार

मूड फार चांगला होता. कशाला बिघडवायचा.

३ एप्रिल, मंगळवार

ईस्टर झाला. रेजीनने विचारले, रजा सांगितली का. मी म्हटले, बोलणी चालू आहेत.

६ एप्रिल, शुक्रवार

आज दारात जाऊन उभा राहिलो. साहेब म्हणाले, काय लोपीस. मी म्हणालो, कापूस संपत आला आहे. तसा तो संपत आलाच होता. ही टाळाटाळ नव्हे. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते, आणि मी कोणाच्या दबावाखाली बोलणारा माणूस नाही.

७ एप्रिल, शनिवार

मधला मार्ग सापडला. रविवारी सकाळी न सांगता घरी राहायचे. हे रजा मागण्यापेक्षा जास्त बाणेदार आहे.

संध्याकाळी फादर मोटरने आले. त्यांनी फिलूला ओटीवर बसवून प्रश्न विचारले. सगळी उत्तरे दिली. एक चुकले, ते तिने स्वतःच सुधारले. फादर मला म्हणाले, मुलीला चांगला आधार मिळालेला दिसतो. मी मान लववली. रेजीन आत भाकऱ्या भाजत होती.

८ एप्रिल, रविवार, संध्याकाळ

लिहितो आहे, कारण लिहायचे ठरवले आहे.

पावणेनऊला सगळे जमले. पास्कोलची पाचही मुले तेल लावून आली होती. ठमाबाई आवडीला घेऊन ओटीच्या कडेला बसली. फादर झगा घालत होते. तेवढ्यात दवाखान्याचा शिपाई कुशाबा दारात. म्हणाला, सायब इचारतात कंपोंडर कुठं हाय, लोकं खोळंबल्यात.

मी कोट घेतला. चपला घातल्या. फादरांना म्हणालो, तुम्ही सुरू करा, मी लगेच जाऊन येतो. लगेच म्हणजे बारा वाजले असते, हे मला माहीत होते. फिलू पांढऱ्या झग्यात उभी होती. तिने मला विचारले, बाबा, साहेबांना सांगितलं नव्हतं का. मी म्हटले, सांगितल्यासारखेच होते.

ती कुशाबाच्या मागे चालू लागली. तिच्या मागे रेजीन. दवाखाना तीन घरे पलीकडे. मी चपलांसकट ओटीवर उभा. पास्कोलने माझ्यासाठी चटईवर जागा केली.

दहा मिनिटांत दोघी परत आल्या. फिलू म्हणाली, साहेब म्हणाले आज येऊ नका, आणि लोपीसला सांग की एवढंच होतं तर अकरा वर्षांत तोंड का नाही उघडलं.

मिस्सा झाली. फिलूला कम्युनियन मिळाले. ठमाबाईने डोळ्यांना पदर लावला, तिला त्यातले काही कळत नसताना.

नंतर मंडळीची स्थापना. पुढारपण कोणाकडे, असे फादरांनी विचारले. मी घसा साफ केला. मिंगेलची बायको म्हणाली, रेजीन. पास्कोल म्हणाला, रेजीन. मिंगेलने मान हलवली. माझ्या बायकोला एवढे कसे ओळखता विचारले, तर दर शनिवारी मिंगेलच्या मोटरने येणाऱ्या या सगळ्यांच्या मुलांना हीच सवला नेत होती म्हणे. मला फक्त आमची दोन माहीत होती. रेजीन म्हणाली, मला सभाबिभा जमणार नाही, शनिवार चालू ठेवते. फादर म्हणाले, तेवढंच हवंय.

सगळे गेल्यावर फिलूला बोलावून विचारले, साहेबांना नेमके काय सांगितलेस. ती म्हणाली, बाबा तुम्हाला भितात, म्हणून मी आले.

ही अतिशयोक्ती आहे असे मी तिला सांगितले. मग विचारले, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली, खूप. हात गार पडले होते. मग कशी गेलीस, असे विचारले.

ती म्हणाली, आई दवाखान्याच्या दारापर्यंत आली होती ना.

आतून जेवायला बोलावले, तेव्हा गेलो.