निळ्या स्लॅबखाली आरूचा फोटो

२३ नोव्हेंबर, रविवार
फार उशिरा लिहायला बसलो, या वहीची माफी मागतो. आरूच्या वाढदिवसानंतर पेन हातात घ्यावंसं वाटलं नाही. नात एक वर्षाची झाली आणि त्याच दिवशी मी तिला घाबरवून ठेवलं. समोर केक, पोरगी सुनेच्या मांडीवर, मी हातभर अंतरावरून फ्लॅश मारला. सरळ तोंडावर. किंचाळली ती झोपेपर्यंत. तेव्हापासून मी खोलीत आलो की हिचं तोंड आईच्या खांद्यात. माझ्या हातात कॅमेरा नसला तरी.
तो फोटो आज पाहिला. शिसारी आली. तोंड चुन्यासारखं पांढरं, डोळे लाल, मागे भिंतीवर काळी सावली. जणू मागून कोणी धरायला आलं आहे. पुसून टाकला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
तिच्या डोळ्यांना काही झालं असेल का. झोप नाही. सुनेला सकाळपासून दोनदा विचारलं, दिसतं ना तिला नीट?
"दिसते जी मामाजी. म्हणून तं तुमाले पाहून रडते."
सौ. हसली. मला हसू आलं नाही.
डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन विचारून आलो. म्हणाले, कुछ नहीं होता, बच्ची डर गई है, बस. बस म्हणतात. त्यांना पाहून कोणी तोंड फिरवत नाही.
मुलाचा, विशालचा फोन, नोकरीच्या गावाहून, मलाजखंडहून. क्वार्टर मिळालं. पुढच्या महिन्यात दोघींना तिकडे नेणार. त्याआधी सून माहेरी, तुमसरला. म्हणजे पोरगी या घरात थोडेच दिवस. तिने एकदा माझ्याकडे यावं आणि माझ्या हातून तिचा एक फोटो धड यावा. दुसरं काही मागणं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधून पाहिला. उजेड थोडा मऊ पडतो, पण जातो तोंडावरच. पोरगी दारातूनच ओरडली.
बस स्टँडजवळच्या स्टुडिओवाल्याकडे गेलो. उकव्याला खाणीत नोकरी करता करता मी सुट्टीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढायचो, पण नेहमी समोरून. नवरा-नवरी काही रडत नाहीत. स्टुडिओवाला म्हणाला, "बाबूजी, बच्चे के मुँह पे सीधा मत मारो. फ्लॅश की मुंडी छत की तरफ घुमाओ. रोशनी छत से टकराके नरम होके नीचे आएगी."
माझ्या फ्लॅशची मुंडी वर वळते हे माहीत होतं. कशासाठी वळते ते कधी विचारलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मुंडी वर केली. आरू बैठकीत चटईवर वाटी आपटत होती. मी दाराआडून मारला. रडली नाही. वर पाहिलं आणि परत वाटी. आनंदाच्या भरात कॅमेऱ्याच्या पडद्याचाच मोबाईलने फोटो काढून विहीणबाईंना तुमसरला पाठवला. चष्मा न लावता.
अर्ध्या तासात फोन. रडत होत्या.
"इवाईबुवा, पोरगी निळी काहून दिसून राह्यली? दम तं लागत नाही ना तिले? दवाखान्यात नेलं का?"
चष्मा लावून पाहिलं. ओठ निळे, गाल निळे, नखंसुद्धा. पाहवेना. जिवंत लेकराचा असा फोटो मी काढला आणि तिच्या आजीला धाडला.
सुनेने फोन घेतला, आईला समजावलं, पोरगी दाखवली. मग मला एवढंच म्हणाली, "मामाजी, आता राहू द्या."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
परत स्टुडिओत. तो खुशाल हसला. "छत नीली है तो बच्चा नीला ही आएगा ना, बाबूजी."
आधी का नाही सांगितलं?
"आपने बताया कहाँ, कि छत भी रंगवा रखी है?"
विशालच्या लग्नात बैठक रंगवली. पेंटर म्हणत होता, वर पांढरा ठेवू. मीच अडून बसलो. आपल्या झेंड्याचा निळा आहे, पूर्ण घराला लागला पाहिजे, स्लॅबसकट. त्या रंगाचा काय दोष. मी पेंटरचं ऐकायला हवं होतं.
सौ.ला म्हटलं, स्लॅबला पांढरा चुना मारून घेऊ.
"तुमीच तं त्या पेंटरसंगं भांडले होते. आता मी नाही मारू देत."

३० नोव्हेंबर, रविवार
उपाय सापडला, पण सौ.चा जीव खाऊन. विहारात नेसायची तिची पांढरी साडी पलंगाच्या मच्छरदाणीच्या दांड्यांवर ताणली. फ्लॅश साडीवर मारायचा, उजेड तिथून खाली. एकेरी साडीतून अजून निळं झिरपत होतं, म्हणून दुहेरी केली. पोरीच्या जागी सौ.ला बसवलं, मांडीवर कोहळं.
"साठी उलटली अन् आता कोहळ्यासंगं फोटो काढून राह्यले माहे."
कोहळं छान आलं. सावली नाही, रंग खरा. सौ.पण बरी आली, तिला सांगितलं नाही.
"सहा तारखेले मले साडी पायजे," म्हणाली. "डाग नको."

३ डिसेंबर, बुधवार
सुनेला विनवलं. म्हणाली, "एकच. अन् रडली तं बंद."
आरूला साडीखाली बसवलं. मी पलंगाच्या पायथ्याशी, खाली वाकून. फ्लॅश झाला तशी सगळी साडी उजळली. ती साडीकडे पाहतच राहिली. हात वर केला, काहीतरी बोलली. "हा" की "बा".
फोटो आला. वरच्या ओठाची घडी दिसते, कानामागचं जावळ दिसतं. गालावर उजेड असा की हात लावावा. सुनेने बराच वेळ पाहिला. "हा मले पाठवा मामाजी."
मग मी कॅमेरा ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. पोरगी आईच्या खांद्यात शिरली.
फोटो धड आला. मी तसाच. किळस येते या हातांची.

५ डिसेंबर, शुक्रवार
दोघी गेल्या. सकाळची कटंगीमार्गे तुमसरची बस. सामान मी चढवलं आणि खांबामागे उभा राहिलो, निघताना रडू नये म्हणून. सुनेने खिडकीतून तिचा हात धरून हलवला. मी खांबामागूनच हात केला. दिसला की नाही...
तुमसरहून मलाजखंडला जायचं तर आमच्या बालाघाटवरूनच जावं लागेल. घरी उतरतील की स्टँडवरच गाडी बदलतील, हे विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार
साडीच्या काठाला दांडीचा गंज लागला. सौ. तो भाग आत घेऊन नेसली, विहारात गेली. मला रागाने बोलली असती तर बरं होतं.

९ डिसेंबर, मंगळवार
सौ.च साडी धुऊन घेऊन आली. म्हणाली, "ताणा परत. आता तुमी बसा खाली. पोरीले तुमचं तोंड दाखवू, कॅमेऱ्याबिगर."
कॅमेरा तिच्या हातात दिला. मुंडी वर करायला सांगायचं विसरलो. सरळ डोळ्यांत बसला. समोर सगळं हिरवं-काळं, डोळ्यांतून पाणी.
"समजलं?"
हौ म्हटलं.
दुसरा नीट आला. चष्मा चमकतो म्हणून काढून ठेवला. म्हातारा ओंगळच दिसतो, पण मागे सावली नाही. फोटो सुनेला धाडला. सोबतचा मजकूर शेजारचा मुलगा टाइप करून देणार आहे, आधी इथे उतरवतो:

प्रणाली बेटा, माझा फोटो पाठवला आहे. आरूला दाखव. एकदम जवळून नको, थोडा दुरून. रडली तर तसं सांग, गाडी बदलताना मी स्टँडवर येणार नाही, सामान विशाल चढवेल. नाही रडली तर दोन घटका घरी उतरा. कॅमेरा कपाटात ठेवला आहे, किल्ली तुझ्या सासूजवळ आहे. रडली की नाही रडली, जे असेल ते लवकर कळव.