ब्रिटनीचा प्रवेश आणि एक शुद्ध मराठी शब्द

आगाशी, १२ जून

ती. ग्रेसीताईस,

व्हिक्टरचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींची साखर आटोक्यात असेलच (नसेल तर कळवू नका, फणस पाठवणार आहे). इकडे सगळे ठीक. माझा आवाज तेवढा बसला आहे, त्याचीच ही हकिगत.

ब्रिटनीला वनस्पतिशास्त्रच शिकायचे आहे (केळीचे पान बघून रोग सांगते, मला बघून नुसती हसते). फी मात्र आपल्या सोनचाफ्याची फुले विकून निघेल तेवढीच. म्हणून तिला घेऊन गोखिवऱ्याच्या एका नव्या कॉलेजात गेलो. फाटकावर पाटी होती : ‘वनस्पतिशास्त्र (स्वयंअर्थसहाय्यित)’. ताई, तीस वर्षे मी व्यासपीठावरून सांगतो आहे की मराठी शब्द फोडा, अर्थ आपोआप हाती येतो. मी फोडला. संस्था स्वतः अर्थसहाय्य करते! शिक्षणाचा बाजार मांडलेल्या या काळात असे कॉलेज आपल्या वसईत निघावे, हे रांगेतल्या पालकांना सांगणे माझे कर्तव्यच होते. पाऊण तास बोललो. प्राचीन सोपारा बंदरापासून ग्रीकांपर्यंत सगळे आले. नालासोपाऱ्याचे सदानंद नावाचे गृहस्थ तर मुलीला कॉमर्सच्या रांगेतून काढून आमच्या मागे घेऊन आले. ब्रिटनी माझी बाही ओढत होती. मला वाटले, भारावली आहे.

खिडकीवरच्या हिनाबाईंनी फीचा कागद पुढे केला. आकडा वाचून मी विचारले की, यात सहाय्य कुठे आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, ‘स्वयं’ म्हणजे तुम्ही.”

सदानंदांच्या मुलीला मी स्वतः कॉमर्सच्या रांगेत परत उभी करून आलो (शेवटून पहिली). वाटेत ब्रिटनी म्हणाली, “पप्पा, आत्याच्या घराजवळचं माहीमचं कॉलेज अनुदानित आहे. तिथली फी आपल्याला झेपते. उद्या लिस्ट लागेल.” अडचण एकच : प्रॅक्टिकल सकाळी सातला, आणि इतक्या लवकर आगाशीहून तिथे पोचणे रोज जमणार नाही. पण ते असो. मी काही मागायला लिहीत नाही, सहज कळवले.

तुझा,
व्हिक्टर

ता. क. तुमची मागची खोली रिकामी आहे का? सहज नव्हे, विचारतोच आहे. तीन वर्षांसाठी.

आणखी ता. क. ब्रिटनीचे नाव लागले. आत्ता सांगते की तिने तुला मे महिन्यातच विचारले होते, आणि तू हो म्हणालीस ते एका अटीवर : पप्पाने स्वतः मागायचे, भाषण न करता. तर ताई, वरचे सगळे खोड. पहिला ताजा कलम तेवढा धर.