ढिगावरची खरचुडी

माधवनगर,
श्रावण वद्य पंचमी, शके १८७०

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा, क्षमाचा, वाकून नमस्कार. गुडघा आता मेढ्याचा चढ चढू देतो ना? वहिनींचा खोकला गेला असेल. इकडे सर्व खुशाल, आणि आज तर घरात सणच आहे, कारण तुम्ही रानातून काढून दिलेली, कंदिलासारख्या फुलांची खरचुडी फुलली.

पण सरळ फुलेल तर ती आमच्या घरची कसली? वैशाखात आणलेल्या दोन कंदांपैकी एक मी परसात कुंडीत लावला. यांनी त्याची फारच काळजी घेतली. गिरणीत जाताना एक तांब्या पाणी, आल्यावर एक तांब्या. कातळावर वाढणाऱ्या जिवाला एवढा पाहुणचार सोसेना, कंद कुजला. आम्हाला पत्ताच नाही, कारण कुंडीतून वेल जोमानं वर आला होता. साधी पांढरी फुलं आली तेव्हा मला शंका आली, पण हे म्हणाले, याचेच पुढे कंदील होतील (आणि शेजाऱ्यांना कंदील पाहायला बोलावूनही बसले). वेलाला तोंडली लागली. शेजारच्या साळूबाईंनी एक निरखून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “ह्यो कंदील पेटतो कवा?” त्या बाजूची खिडकी यांनी आठवडाभर उघडली नाही. भाजी मात्र छान झाली.

दुसरा कंद सासूबाईंनी सुकलेला बटाटा समजून मागच्या विटामुरमाच्या ढिगावर भिरकावला होता. मला तेव्हा रडू आलं होतं. आज सकाळी तिथूनच त्यांनी मला हाक मारली. करंगळीएवढी फिकट हिरवी नळी, वर जांभळट पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली. आत एक चिलट अडकलेलं दिसलं (तुम्ही सांगितलेली खूण) आणि माझी खात्री पटली. मी तिथंच फुगडीसारखी एक गिरकी घेतली. हे तांब्या घेऊन धावले, तर सासूबाई म्हणाल्या, “तिथंच थांब. माझ्या झाडाला पाणी घातलंस तर जेवायला वाढणार नाही.” आता त्या छत्री घेऊन ढिगाशेजारी पाटावर बसल्यात.

तुमची,
क्षमा

ता. क. सासूबाईंना खरचुडीचं रान पाहायचंय, म्हणून दिवाळीला त्यांना घेऊन येते. (खरं म्हणजे मला चौथा महिना लागलाय, आणि बाळंतपण इथंच करायचं असा त्यांचा हट्ट आहे. मेढ्याला पोचल्यावर वहिनींनी हळूच विषय काढावा.)

दुसरा ता. क. दिवाळीपर्यंत खरचुडी फुलून वाळून जाते, हे त्यांना कळू देऊ नका.

तिसरा ता. क., सासूबाईंच्या हातचा. अण्णासाहेबांस आशीर्वाद. आमच्या घरात पाकीट मी चिकटवते, हे सूनबाई विसरली. फुलं दिवाळीला नसतात एवढं मलाही कळतं, तरी येते. बाळंतपण मेढ्यालाच होऊ दे. मात्र नातवंड मांडीवर घेतल्याशिवाय मी परतणार नाही, तेव्हा माझं अंथरूण उन्हाच्या खोलीत घालावं.